गाडीची गादी

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या गावांचा इतिहास आजवर बंदरांवरून लिहिला गेला, किल्ल्यांवरून लिहिला गेला, देवळा-तळ्यांवरूनही लिहिला गेला. बसण्याच्या जागेवरून मात्र तो अजून कोणी लिहिलेला नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हां इकडच्या मंडळींना तोच अधिक जिव्हाळ्याचा वाटेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन ठाण्याला आली. पुढल्याच वर्षी, १ मे १८५४ ला, ती कल्याणपर्यंत जाऊ लागली. त्या ४०० पाहुण्यांना बसायला ऐसपैस जागा होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांच्यानंतर ते भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले.

आमच्या डोंबिवलीत माणसाची प्रतवारी त्याच्या शिक्षणावरून किंवा पगारावरून होत नाही. तो गाडीत कुठे बसतो यावरून होते. खिडकीची जागा, मधली जागा, कडेची जागा आणि मग ती सुप्रसिद्ध चौथी सीट! तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धे अंग टेकायचे आणि उरलेले अर्धे देवाच्या हवाली करायचे, याला चौथी सीट म्हणतात. या चौथ्या सीटवर बसून लोकांनी प्रबंध वाचले आहेत, लग्ने जमवली आहेत, आणि माझ्या एका सहकाऱ्याने तर अख्ख्या वार्षिक परीक्षेचे पेपर तपासले आहेत. रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ साली कागदोपत्री बंद केला. पहिला वर्ग राहिला, आणि आमच्या भाषेत पहिल्या वर्गाचा पास म्हणजे ‘गादीचा पास’. डिसेंबर २०२० पासून मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर वातानुकूलित लोकल धावू लागली. तिच्यात वारा गार, पण बाक पोलादी. म्हणजे पैसे जास्त देऊन गादी गेलीच!

अशी ३० वर्षे उभ्याने काढलेला माणूस एक दिवस कर्ज काढून मोटार घेतो, तेव्हा तो पहिली गोष्ट कोणती करीत असेल? तो तिची गादी बदलतो. कारखान्यातून आलेल्या कापडी सीटवर त्याचे समाधान होत नाही. मानपाडा रस्त्याने जा, ठाण्याला घोडबंदर रस्त्याने जा, नाहीतर कल्याणहून उल्हासनगरात शिरा. टायरवाल्याच्या शेजारी, काचांना काळी फिल्म लावणाऱ्याच्या पलीकडे, सीट कव्हरचे दुकान असायचेच. बाहेर नमुन्याची एक सीट मांडलेली, तिच्यावर लाल धाग्याची उभी-आडवी शिवण, आणि वर पाटी: ‘लेदर सीट कव्हर्स’. त्या पाटीतला पहिला शब्द किती खरा आणि किती खोटा, हे कळायला मला या वर्षीचा अख्खा पावसाळा लागला.

आमची गाडी लहान, आठ वर्षांची. सीट राखी कापडाच्या. कापडाविषयी माझी कधी तक्रार नव्हती आणि आजही नाही. आपल्या हवेला कापड चांगले. ते वैशाखात चटका देत नाही आणि घाम शोषून घेते. परंतु जे शोषून घेण्याचा त्याचा गुण, तोच आमच्या घरात एका माणसाला घरी बसवायला कारण झाला.

ते माणूस म्हणजे आमची आई. वय ७७. कान तिखट, डोळे ठीक, गुडघे जेमतेम. गेल्या दिवाळीनंतर तिला एक त्रास सुरू झाला. खोकला आला, हसू आले, गाडीने खड्डा घेतला, की लघवी सुटते. थोडीच, पण सुटते. एकदा ठाण्याहून येताना शीळफाट्याच्या कोंडीत आम्ही दीड तास अडकलो आणि तिला तेवढा वेळ आवरता आले नाही. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मी गाडी लावून वर येईपर्यंत तिने पातेल्यात पाणी घेतले होते आणि ती जिना उतरू पाहत होती, सीट धुवायला. त्या दिवसापासून ती गाडीत बसली नाही. “पाय दुखतात”, “ऊन फार आहे”, “तुम्ही जाऊन या, मी दाराला आहे.” नौपाड्याला तिची धाकटी बहीण राहते. दोघींचे आठवड्यातून एकदा भेटणे हा आमच्या घरातला ४० वर्षांचा रिवाज; तो फोनवर येऊन थांबला. डॉक्टरीणबाईंनी स्नायूंचे व्यायाम सांगितले, आणि त्यांचा गुणही हळूहळू येतो आहे. त्या म्हणाल्या, “या वयाच्या बायकांत हे फार दिसतं. पण सांगायला येतात किती?”

हे मी इथे लिहू का, असे आईला विचारले. ती म्हणाली, “लिही. माझ्या वयाच्या बायका दिवाळी अंक वाचतातच. आणि त्यांच्या सुनाही वाचतात.”

तेव्हा पुसता येईल अशी गादी हवी, एवढा एकच मुद्दा घेऊन मी निघालो. सौ.ने त्यात आपला मुद्दा घातला. “घालायचंच आहे तर खरं चामडं घालू. किती वर्षं मनात आहे!” बदामी तपकिरी रंग, दुहेरी शिवण, मानेच्या उशीवरसुद्धा तेच. मलाही वाचलेल्या कादंबऱ्यांतून मोटारीतल्या चामड्याचा वास माहीत होता. प्रत्यक्ष नाकाला माहीत नव्हता.

पहिले दुकान घराजवळचेच. दुकानदाराने वह्यांसारखी नमुन्यांची पुस्तके समोर टाकली. “हे बघा सर, नाप्पा. हे त्याच्यावरचं. हे एकदम इटालियन.” हात लावला तर सगळे मऊ, सगळे चकचकीत आणि सगळे एकाच कुळातले. किंमत संचाला ५-६ हजारांपासून १५ हजारांपर्यंत. मी विचारले, “कोणत्या जनावराचं?” तो माझ्याकडे असे पाहू लागला, की जणू मी भाजीवाल्याला दोडक्याचे गोत्र विचारले आहे. मग आपुलकीने म्हणाला, “सर, जनावराचं कोण घेतं हल्ली?”

नाप्पा हा शब्द मुळात कॅलिफोर्नियातल्या नापा नावाच्या गावावरून आला. तिथे एकोणिसाव्या शतकात मऊ कातडी कमावण्याची एक रीत निघाली, आणि गावाचे नाव मालाला चिकटले. आता माल सुटला आणि नाव तेवढे उरले. ‘रेग्झीन’चे याच्या उलट. रेग्झीन हे एका इंग्रजी कंपनीच्या मालाचे नाव. कापडावर रासायनिक लेप देऊन केलेले नकली चामडे. तिचा कारखाना मँचेस्टरजवळच्या ज्या गावात होता त्याचे नाव हाइड, आणि गंमत अशी की इंग्रजीत कातड्यालाही तोच उच्चार. कंपनी आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही, पण शब्द घरोघरी गेला. रेग्झीनची पिशवी, रेग्झीनची बॅग, डॉक्टरांच्या टेबलावरचे रेग्झीन. भाषेचा मास्तर म्हणून मला या दोन शब्दांची मोठी मौज वाटते. एक खोटा असून खऱ्याचे नाव सांगतो; दुसरा आपण खोटे असल्याचे उघड सांगत असे, म्हणून तो बाजारातून मागे पडला. आजच्या दुकानात कोणी रेग्झीन म्हणत नाही. लेदरेट म्हणतात, आर्ट लेदर म्हणतात. आत वस्तू प्लॅस्टिकच्याच दोन-तीन भावंडांपैकी एक.

ठाण्याच्या दुकानात खरे चामडे मिळेल, असे कळले. तिथे खरेच होते. चकचकीत दालन, गार हवा, आणि एका लाकडी घोड्यावर टाकलेले आख्खे कातडे. मान कुठे, पोट कुठे, हे ओळखू यावे असे. दुकानातला तरुण मुलगा हुशार होता. त्याने कातड्याची मागली बाजू दाखवली. तिथे केसाळ, सुट्या धाग्यांसारखे तंतू. नकलीच्या मागे विणलेले कापड असते. पुढच्या बाजूला रंध्रे, पण सारखी नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ, एका जागी जुन्या ओरखड्याचा वण. “यंत्राला इतकं वेडंवाकडं करता येत नाही, सर.” चामडे चौरस फुटांवर विकतात, आणि एका गाडीला एक कातडे पुरत नाही. माल येतो तो बहुतेक कानपूर, कलकत्ता आणि तामिळनाडूतल्या आंबूर-राणीपेटकडून. आकडा त्याने हळूच सांगितला. तो ५० हजारांच्या वर होता. सौ.चा चेहरा पाहून मी त्या आकड्याला लगेच नाही म्हणालो नाही.

परत येताना गाडीत मी चामड्याचाच विचार करीत होतो. काय आपल्या भाषेत या वस्तूने ठाण मांडले आहे! मोट चामड्याची, पखाल चामड्याची, तुपा-तेलाचे बुधले चामड्याचे, घोड्याचे खोगीर चामड्याचे. त्या खोगिरात जो चोथा भरीत त्यावरून ‘खोगीरभरती’ आली, आणि ती साहित्यात मुबलक सापडते. आणि इतके असून चामडे आणि चामडे कमावणारा हात यांना आपण घराबाहेर ठेवले. आमच्या लहानपणी चपलेला हात लागला तर हात धुतल्याशिवाय देवघरात जायचे नाही. मात्र त्याच देवापुढे मृदंग वाजे आणि त्याच्या कातड्याला आधी नमस्कार होई. हरणाचे कातडे ऋषीच्या आसनाला सोवळे, म्हशीचे ओवळे! ज्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले त्या समाजाला गावाने वेशीबाहेर जागा दिली, आणि त्यांनी शिवलेले जोडे पायात घालून गाव मिरवले. आज आपण तेच चामडे ५० हजार देऊन बसायला मागतो, तेव्हा त्यातला विनोद हसण्यासारखा नाही.

आईला मी विचारले, “चामड्याच्या सीटवर बसशील ना?” तिने थोडा वेळ घेतला. “मला चामड्याचं काही नाही रे. ते धुता येतं का, ते विचार.”

हा प्रश्न मी कोणत्याच दुकानात विचारला नव्हता.

याचे उत्तर कल्याणात मिळाले. पत्रीपुलावरून गेलो. इंग्रजांच्या काळातला जुना पूल २०१८ साली पाडल्यावर कल्याण-डोंबिवलीकरांनी जी दोन-सव्वादोन वर्षे काढली, ती त्यांनाच ठाऊक. नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. कल्याण हे जुने गाव. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दीने त्याची नोंद केली, शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये ते घेतले, दुर्गाडीखाली खाडीत आरमाराची उभारणी झाली. पण कल्याणचे खरे जुनेपण मला त्याच्या गल्ल्यांतल्या कारागिरांत दिसते. मुरबाड रस्त्याच्या आतल्या अंगाला एका शेडमध्ये साठीच्या घरातले एक गृहस्थ आणि त्यांची दोन मुले मोटारींच्या सीट शिवतात. पाटी नाही. माझ्या सहकाऱ्याने पत्ता दिला होता तो असा: “जिथे तुम्हाला दरवाजे उघडे आणि सीट नसलेल्या तीन गाड्या दिसतील, तिथे थांबा.”

ते जातीचे चर्मकार. ही गोष्ट त्यांनीच पहिल्या पाच मिनिटांत सांगितली, आणि अशी सांगितली की जशी एखादा वैद्य आपण वैद्यांच्या घराण्यातला असल्याचे सांगतो. आजोबा साताऱ्याकडे मोटा शिवीत. वडील कल्याणला आले आणि स्टेशनाबाहेरच्या टांग्यांच्या गाद्या शिवू लागले. आत काथ्या, वर जाड कातडे. “टांगे गेले, रिक्षा आल्या. रिक्षा आल्या तर रेग्झीन आलं. आम्ही शिवतच राहिलो. माणसाला बसायला लागतंच ना, सर?”

मी ठाण्याचा आकडा सांगितला. ते रागावले नाहीत. म्हणाले, “चामडं चांगलंच असणार. पण सर, तुमची गाडी कुठं उभी असते?”

“इमारतीच्या आवारात. उघड्यावर.”

“मग जूनपासून सप्टेंबरपर्यंत बुरशी पुसत बसाल. कोकणातल्या हवेत चामडं हे जनावरासारखंच पाळावं लागतं. तेल द्या, पुसा, वारा दाखवा. मोठ्या कंपन्यासुद्धा पाठ टेकते आणि बूड टेकतं तेवढ्याच जागी खरं लावतात. बाजू आणि मागची बाजू नकली. कोणी बघतंय?”

मग मी घुटमळलो. धुण्याचे विचारायचे होते, आणि धुण्याचे कारण सांगायचे नव्हते. “मागच्या सीटवर... कधी पाणी वगैरे सांडलं तर...” असे मी काहीसे म्हणालो. वर्गात दोन-दोन तास बोलणारा माणूस मी. तिथे मला एक वाक्य पुरे करता येईना. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मुलांना चहा सांगायला पाठवले. आणि ती दोघे गेल्यावर विचारले, “घरात म्हातारं माणूस आहे का?”

मी मान हलवली.

“आमच्या म्हातारीला शेवटची चार वर्षं हाच त्रास होता. मीच केली होती तिची गादी.” मग ते सरळ कामाकडे वळले, आणि पुढचा अर्धा तास जे बोलले ते मी इथे देतो, कारण ज्या घरांत हा प्रश्न आहे त्यांना त्याचा उपयोग होईल.

चामडे पुसता येते, धुता येत नाही. त्यावर सारखे खारट पाणी पडले तर ते डागळते, ताठरते आणि वास धरते. तेव्हा बसण्याच्या जागी नकलीच बरे. मात्र जाड आणि मागे घट्ट विणीचे कापड असलेले. हल्ली वारा यावा म्हणून बारीक भोके पाडलेले मिळते, ते घ्यायचे नाही. आणि खरी मेख शिवणीत. दुकानातल्या कव्हरांवर चौकटी-चौकटीची नक्षी असते. ती दिसते छान, परंतु सुईने पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. वरून पुसले की आपल्याला स्वच्छ वाटते, आणि खालचा फोम मात्र प्यालेला असतो. फोम एकदा प्याला की तो वास महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून बसायची जागा एकसंध, मधे एकही शिवण नाही. शिवण घ्यायची ती पुढच्या कडेला खाली वळवून. त्याच्याखाली दवाखान्यात खाटेवर घालतात ते रबरी कापड, आणि मग फोम. सीटला बसायचा भाग आणि पाठ मिळतात तिथे जी खाच असते, तिथे रबरी कापड वर वळवून घ्यायचे, नाहीतर सगळे पाणी तिथेच जमते.

“आणि पाठीला, पुढच्या दोन सीटना, बाईंना हवं तर खरं चामडं लावू. रंग मी जुळवतो. ओळखून दाखवा.”

अशा रीतीने सौ.चे चामडे आणि आईचे रेग्झीन एका गाडीत आले. आकडा ठाण्याच्या निम्म्याहून थोडा कमी बसला.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली ती सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखी. पुढच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला ‘एअरबॅग’ अशी लहानशी चिठ्ठी शिवलेली आहे का? असेल तर सीटच्या आत हवेची पिशवी असते, आणि अपघातात ती सीटची शिवण फाडून बाहेर येते. अशा सीटवर जाड कव्हर चढवून ती बाजू पक्की शिवून टाकली, तर पिशवी आतल्या आत अडकते. त्या बाजूला मुद्दाम कच्च्या धाग्याची शिवण घ्यावी लागते, आणि ती ज्याला जमते त्यालाच काम द्यावे. आमच्या गाडीला बाजूच्या पिशव्या नव्हत्या. पण त्यांनी आधी पाहिले आणि मगच माप घेतले.

काम पाहायला मी तीन संध्याकाळी गेलो. कॉलेज सुटले की कल्याण. सीट गाडीतून काढतात. जुने कापड फोमला तारेच्या लहान कड्यांनी बांधलेले असते. त्या कड्या पक्कडीने एकेक सोडवतात. मग कापडाची शिवण उसवून त्याचे तुकडे सुटे करतात, आणि तेच तुकडे चामड्यावर ठेवून खडूने आखतात. म्हणजे जुने कापड नव्याचा नमुना होते. थोरल्या मुलाने चामड्यावर हात फिरवून वण चुकवीत तुकडे बेतले. पोटाकडचे सैल कातडे त्याने बाजूला ठेवले, कारण ते बसून बसून ओघळते. धाकट्याच्या हाती शिवणयंत्र होते, जाड धाग्याचे, ज्याचा पाय कापडाबरोबर पावले टाकीत पुढे जातो. चामड्याला टाका एकदाच. कापडावर चुकलेला टाका उसवून पुन्हा घालता येतो. चामड्यावर भोक राहते ते राहतेच.

तो धाकटा टाके घालीत असताना मला आमचे अण्णा आठवले. आठवणारच होते.

अण्णा कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटार कारखान्यात होते, सीट शिवण्याच्या खात्यात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. पुढे तिची फियाट आणि मग पद्मिनी सगळ्या देशाने पाहिली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे तीच. डोंबिवलीलाही, कल्याण-शीळ रस्त्यावर, प्रीमियरचा कारखाना होता. तिथून १९९० नंतरच्या काळात प्यूजो गाडी निघाली आणि थोड्याच वर्षांत बंदही पडली. आता तिकडे आभाळाला भिडलेल्या इमारती दिसतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, त्या दिवशी वर्तमानपत्रांनी मोठमोठे लेख लिहिले. त्या लेखांत इंजिनाविषयी होते, मीटरविषयी होते, छताच्या रंगीबेरंगी नक्षीविषयी होते. सीटविषयी फारसे नव्हते. आणि ज्यांच्या सीटवर साऱ्या मुंबईने बूड टेकले ते आमचे अण्णा ३० वर्षे डोंबिवलीहून कुर्ल्याला उभ्याने गेले आणि उभ्याने आले. त्यांनी स्वतःची मोटार कधी घेतली नाही. टॅक्सीत बसले की मात्र त्यांचा अंगठा सीटच्या कडेवरून फिरत असे, आणि ते आईला म्हणत, “ही आपली नव्हे. ही बाहेरची शिवलेली.”

चौथ्या दिवशी गाडी घरी आणली. रंग जुळला होता. सौ.ने तीन वेळा ओळखण्याचा प्रयत्न केला आणि दोनदा ती चुकली. आईला मी खाली बोलावले. कशासाठी ते सांगितले नाही, पण तिला माहीत होते. ती आली ती हातात काठी आणि तोंडावर ‘मी फक्त बघणार आहे’ असा भाव घेऊन. मागचे दार उघडले. ती बसली नाही. तिने वाकून सीटच्या कडेवर अंगठा फिरवला, अगदी तसाच. पुढच्या कडेखाली बोटे घालून शिवण चाचपली. मग नखाने एक-एक टाका मोजू लागली. किती मोजले कोण जाणे.

“मधे शिवण नाही घेतली,” ती म्हणाली.

“नाही.”

“हे कोणी सुचवलं?”

“त्यांनीच.”

“त्यांना काय सांगितलंस?”

“काही सांगावं लागलं नाही. त्यांच्या आईलाही होतं.”

ती थोडा वेळ काठीवर भार देऊन उभी राहिली. “टाका बारीक आहे,” ती म्हणाली. “अण्णांना आवडला असता. त्यांचा जरा मोठा पडायचा. पण कारखान्यात घाई असायची ना.” आणि मग, जणू दुसऱ्याच कोणाला सांगते आहे अशा आवाजात, “एक ओलं फडकं आणि एक कोरडं पंचा मागच्या खिशात ठेव. ते माझं मी करीन. कोणी हात लावायचा नाही.”

रविवारी आम्ही ठाण्याला गेलो. शीळफाट्याच्या वाटेला गेलोच नाही. मोठागाव-माणकोलीचा पूल २०२४ साली वाहनांना खुला झाल्यापासून डोंबिवली पश्चिमेहून ठाणे फारच जवळ आले आहे. कोंडी नसली तर अर्ध्या तासाच्या आत माणूस ठाण्यात. आई त्या पुलावरून प्रथमच जात होती. आयुष्यभर तिने खाडी पाहिली ती आगगाडीच्या खिडकीतून, कोणाच्या तरी खांद्यावरून, मुंब्र्याच्या बाजूने. इथे ती दोन्ही अंगांना पसरली होती, भरतीची, आणि काठाला तिवरांची हिरवी कड. “हळू घे,” आई म्हणाली. मला वाटले खड्ड्याला भिते आहे. “अरे, बघू दे ना!”

नौपाड्यात मावशीच्या इमारतीला लिफ्ट नाही. आई दोन जिने चढून जाणार कशी, याचा विचार मी वाटेत करीतच होतो. परंतु मावशी खिडकीत उभीच होती. आम्हाला पाहून ती आपल्या वेगाने खाली आली, म्हणजे दहा मिनिटांनी. गाडीच्या दाराशी येऊन तिने आत डोकावून पाहिले.

“अगं, नवीन गाडी घेतली?”

“नाही गं. गादी नवीन आहे. बैस तर.”

मावशी आत शिरली. तिने सीटवर दोन्ही हातांनी दाबून पाहिले, आईने तिला कुठे चामडे आणि कुठे नाही ते दाखवले, आणि ते का, हेही तिच्या कानाशी लागून सांगितले. मावशी एकदम गप्प झाली. मग तिने आईचा हात धरला आणि तितक्याच हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. ते बराच वेळ चालले होते. मी आणि सौ. बाहेर ऊन टाळून भिंतीच्या कडेला उभे राहिलो. वरून मावसभाऊ हाका मारीत होता, की चहा झाला, पोहे निवताहेत. मी काचेवर टकटक केली. आईने काच दोन बोटे खाली घेतली.

“तुम्ही जा वर,” ती म्हणाली. “आम्ही इथेच बरे आहोत.” आणि तिने काच वर केली.